ज्वारीत पुरलेला मोबाइल

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या शहरातल्या मुलांनी मला कदाचित पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख सांगते. कोठी म्हणजे धान्य साठवायचा उंच, गोल डबा. वर झाकण, पोटात ज्वारी आणि खाली पायाशी ज्वारी काढायला एक छोटं तोंड. थोडक्यात, मी वरून खाते आणि खालून देते. हसू नका. घरात बाकीचे सगळे नुसतेच खातात.

माझा जन्म जालन्याच्या बाजारातल्या एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. हातोडीचे घाव सोसून सोसून माझं अंग गोल झालं. तेव्हा मी इतकी चकचकीत होते की गिऱ्हाईकं माझ्यात बघून टोपी नीट करत. एक दिवस केदारखेड्याच्या उषाबाई आल्या. त्यांनी बोटाच्या पेरानं मला चारही बाजूंनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज बराबर हाय. थोरल्या सुनेसाठी पायजे, पातळ पत्रा चालायचा न्हाई." त्या दिवशी माझी छाती अभिमानानं फुगली. तशी ती फुगलेलीच आहे म्हणा.

उषाबाईंच्या घरी एक रीत आहे. प्रत्येक सुनेची आपली एक कोठी असते आणि माजघरात भिंतीला लागून त्या कोठ्यांची रांग असते. स्वयंपाकघराच्या दाराशी पहिली कोठी खुद्द उषाबाईंची. तिच्या शेजारी, भिंतीवरच्या लाकडी खुंटीखाली मी, म्हणजे थोरल्या मीनाची कोठी. पुढं धाकटी सून शालू घरात आली तेव्हा तिची कोठी माझ्यानंतर लागली. या घरात सुनेचं स्थान कागदावर लिहून ठेवत नाहीत. कोठी जिथं उभी, तिथं सून उभी.

ते दिवस माझे सुखाचे होते. ज्वारीत कडुलिंबाचा पाला मिसळून मला भरत, त्यामुळे किड्यांची माझ्याकडे यायची हिंमत नव्हती. रोज सकाळी मीना माझ्या तोंडाशी टोपली धरायची आणि ज्वारी सळसळत खाली यायची. तो आवाज ऐकला की मला वाटायचं, आपल्याशिवाय या घराचं पान हलत नाही.

मग मीनाला शिक्षिकेची नोकरी लागली ती थेट कोकणात, कुडाळकडच्या एका शाळेत. तिचा नवरा भागवत विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "मोटारी काय तिकडंबी जळतात." दोघं निघाले आणि उषाबाईंनी मला ज्वारीनं भरून त्यांच्यासोबत धाडलं. "परमुलखात रिकाम्या कोठीनं जाऊ नये," असं म्हणाल्या. खुंटीखालची माझी जागा मात्र त्यांनी कुणाला दिली नाही. दिवाळीच्या सुट्टीत मीना गावी जाऊन आली की सासूबाईंविषयी कौतुकानं सांगायची, "आत्याबाई ती जागा रोज झाडतात. शालूनं तिथं सुपडं ठेवलं तरी उचलायला लावतात."

कोकण सुंदर आहे असं सगळे म्हणतात. असेल. माझ्या पत्र्याला विचाराल तर तिथल्या दमट हवेनं माझ्या बुडाला गंज धरला. घरात भात सुरू झाला आणि ज्वारीला कुणी विचारेना. तळाशी थोडीफार ज्वारी राहायची, तीही फक्त उषाबाई पाठवत म्हणून. मग माझ्यावर फुलाफुलांचा रुमाल घातला आणि झाकणावर मोबाइलचं चार्जिंग आलं. धान्याची कोठी ती मोबाइलचा पाट झाली! माझ्या डोक्यावर बसून तो दिवसभर घूं घूं करायचा. असा आगाऊ पाहुणा मी जन्मात पाहिला नव्हता.

बरीच वर्षं अशी गेली. मीना दरवर्षी बदलीचा अर्ज करायची आणि शेवटी या उन्हाळ्यात तिची जालना जिल्ह्यात बदली झाली. शाळा मिळाली भोकरदनच्या पुढची, म्हणजे केदारखेड्याहून जाऊन-येऊन करण्यासारखी. आनंदाची गोष्ट ना? पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यावरचा पाहुणा वेडापिसा झाला. बदली झालेल्या शिक्षकांचा एक ग्रुप, मैत्रिणींचा एक, नातेवाइकांचा तिसरा. एक म्हणे यादी रद्द होणार. दुसरा म्हणे आत्ताची शाळा आपल्याला सोडणारच नाही. नातेवाईक विचारत, इतकी वर्षं तिकडं राहून आता इकडं करमणार का? कुणी नुसताच डोळे वटारलेला चेहरा पाठवायचा, आणि तो आपल्यालाच होता की काय म्हणून मीना तासभर विचार करायची.

सामान बांधायला घेतलं तरी तिचं लक्ष सामानात नव्हतं. एक ताट कागदात गुंडाळायचं आणि मोबाइल बघायचा. दूध उतू गेलं. कपाटाची किल्ली कुठल्याशा खोक्यात बांधली गेली, ती शोधायला चार खोकी पुन्हा फोडावी लागली. रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही. तिची मुलगी आकांक्षा काही विचारायला यायची आणि आईची वाकलेली मान बघून परत जायची. मला फार वाईट वाटायचं, पण कोठीला बोलता कुठं येतं?

निघायच्या आदल्या दिवशी घात झाला. शालूनं आपल्या स्टेटसला फोटो टाकला. नवी साडी नेसून ती माजघरात उभी होती आणि मागं कोठ्यांची भिंत दिसत होती. दुसऱ्या कुणी साडी बघितली असती. मीनानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मागची भिंत बघितली. खुंटीखाली, माझ्या जागेवर, शालूची कोठी उभी होती!

मीना मटकन खाली बसली, माझ्याच अंगाला टेकून. भागवत धावत आला तेव्हा तिनं फोटो दाखवला. "बघा. आपण निघालो अन् यांनी माझी जागा मोडून टाकली. सरळ सांगायचं तरी, येऊ नको म्हणून."

"अगं, आई असं करायची न्हाई," भागवत म्हणाला. "फोटोत काय कळतं?"

"खुंटी दिसून राह्यली न्हाई का तुम्हाला? भोकरदनला खोली बघा. मी त्या घरात न्हाई येत."

दाराशी आकांक्षा उभी होती. ती हळूच म्हणाली, "मम्मी, तिथं आपण कुणालाच नको आहोत का?"

मित्रांनो, त्या पोरीचा चेहरा मी विसरू शकत नाही. मीनाही विसरली नसणार. तिनं डोळे पुसले आणि पोरीला जवळ घेतलं. मग हातातल्या मोबाइलकडे असं बघितलं, जसं तांदळातल्या खड्याकडे बघतात. तिनं तो बंद केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वरून फडकं गुंडाळलं, माझं झाकण उघडलं आणि आत वाकून, काखेपर्यंत हात घालून त्याला तळाच्या ज्वारीत पुरून टाकलं.

"आता घर लागेपर्यंत हा नको," ती म्हणाली.

"अन् कुणाचं काम निघालं तर?" भागवतनं विचारलं.

"तुमचा फोन हाय की. ज्याला खरंच काम असंल तो तुम्हाला लावील."

खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं हलकं झालं. पोट जरा जड झालं, पण ते चालतं. आमची सवयच आहे ती.

दुसऱ्या दिवशी राधेश्याम नावाच्या ड्रायव्हरचा टेम्पो आला. मला सगळ्यात शेवटी चढवलं, कारण धान्याची कोठी नव्या घरात सगळ्यात आधी उतरवतात. त्यामुळे मी मागच्या फळक्याजवळ होते आणि टेम्पो थांबला की ही तिघं माझ्याशेजारीच येऊन बसत. पहिल्या थांब्यावर मीनाचा हात सारखा पर्सकडे जायचा, आत काहीच नाही हे कळून परत यायचा. मला हसू येत होतं. घाट चढून गेल्यावर मात्र हात गुमान मांडीवर राहिला. आकांक्षानं विचारलं, "मम्मी, केदारखेड्याला नदी आहे ना?" आणि मीना चक्क सांगत बसली. पूर्णेच्या वाळूत लहानपणी शालूच्या नवऱ्यानं, म्हणजे काकानं, भागवतची चप्पल कशी पुरून ठेवली होती आणि मग ती दोघांनाही कशी सापडली नाही, इथपर्यंत सगळं सांगितलं. भागवत म्हणाला, "ती चप्पल अजून तिथंच आसंल." तिघंही हसली. त्यांच्या हसण्याचा आवाज मी किती दिवसांनी ऐकला!

दुपारी एका बाभळीखाली टेम्पो थांबला. हवा कोरडी होत चालली होती आणि माझा गंजका पत्रा सुखावला होता. मीनानं भाकरीचं फडकं माझ्या झाकणावर सोडलं आणि स्वतःही पोटभर जेवली. मग भागवत म्हणाला, "आईला फोन लावू का? जागेचं विचारून टाकतो."

मीनानं मान हलवली. "नको. काल मी आंधळ्यावानी त्या फोटोवर भरवसा ठेवला. आता फोनवर अर्धं ऐकून उरलेलं मनानं भरायचं न्हाई. दारात उभी राहून विचारते. नको म्हणाल्या तर भोकरदनला खोली हायेच."

एवढं बोलून तिनं शांतपणे भाकरीचं फडकं आवरलं. मला मात्र धाकधूक लागली. जागा एकट्या तिची का गेली होती? माझीही गेली होती. खुंटीखाली दुसरी कोठी उभी असेल तर मला काय अंगणात कोंबड्यांच्या शेजारी ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी जालना मागं पडलं, राजूर गेलं आणि काळी, नांगरून ठेवलेली रानं दिसू लागली. केदारखेड्यात टेम्पो दारापुढं थांबला. उषाबाई ओट्यावर काठी टेकून उभ्या होत्या. शालू धावत आली, आकांक्षाला उचलायला गेली, आणि ती उचलण्याइतकी लहान राहिली नाही हे बघून तिनं पोरीचे गालच ओढले. भागवत आणि राधेश्यामनं मला उतरवून उंबऱ्यापर्यंत आणलं.

मीना उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. तिनं सासूच्या पाया पडून विचारलं, "आत्याबाई, माझी कोठी कुठं ठेवायची?"

बस्, एवढंच. पण त्या घरात या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो.

"कुठं म्हंजी?" उषाबाई म्हणाल्या. "मधी तर ये आधी."

माजघरात गेलो. खुंटीखाली शालूचीच कोठी होती. मीनानं खाली बघितलं. पण उषाबाई काठी टेकत तशाच पुढं गेल्या, रांगेच्या तोंडाशी, स्वयंपाकघराच्या दारापाशी. त्यांची स्वतःची कोठी तिथं नव्हती. तिथं विटांचा नवाकोरा ओटा बांधलेला होता, चांगला वीतभर उंच.

"माझी कोठी म्या मागल्या खोलीत नेली," त्या म्हणाल्या. "आता वाकून ज्वारी काढणं व्हत न्हाई माय माझ्यानं. थोरली तू हायेस. पहिली जागा तुझी. तिकडल्या वलीनं बूड गंजलं आसंल म्हणून वटा बांधून घेतला. अन् मधी खिंडार नको म्हणून शालूची कोठी सरकवली."

मीनाला रडूच कोसळलं. उषाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ती लहान मुलीसारखी रडली. शालू घाबरली. "ताई, काय झालं? मी काही चुकले का?"

मीनानं हुंदके देत फोटोचं सगळं सांगितलं. शालूनं कपाळावर हात मारला. "अहो ताई! त्या दिवशी कोठ्या सरकवून सरकवून कंबर गेल्ती माझी. मंग लग्नाला जायचं म्हणून साडी नेसले अन् फोटो काढला. ओटा बाजूला राहिला, फोटोत आलाच न्हाई. राग आल्ता तर मला फोन लावून चार शिव्या द्यायच्या ना!"

"आता देते," मीना डोळे पुसत म्हणाली, आणि दोघी जावा हसत सुटल्या.

मला ओट्यावर चढवलं. राधेश्याम म्हणाला, "कोठी लई जड हाय हो," पण मला त्या दिवशी अगदी हलकं वाटत होतं. आठवडा लोटला तरी कुणाला माझ्या पोटातल्या पाहुण्याची आठवण झाली नाही. मग एक दिवस ज्वारी खाली येईना. उषाबाईंनी ओट्यापाशी बसून माझ्या तोंडात बोट घालून बघितलं आणि हाक मारली, "मीना, तुझ्या ज्वारीला मोबाइल आला गं! लिंबाचा पाला कमी पडला काय?"

मीनानं तो काढला, पुसला आणि शाळेच्या कामाचा तेवढा एक ग्रुप ठेवून बाकीचे बंद केले. आता त्याचं चार्जिंग बाहेरच्या खोलीत असतं. माझ्या झाकणावर रुमालसुद्धा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी कोठी असेल तर तिला कोरड्या जागी ठेवा, बुडाला वीट द्या आणि वर्षातून एकदा ऊन दाखवा. आणि आपल्या माणसाविषयी मनात काही आलं, तर त्याचा फोटो मोठा करून बघत बसू नका. उठा, त्याच्या दारात जा आणि सरळ विचारा. माझी जागा फोटोच्या बाहेर वीतभर अंतरावर माझी वाट बघत होती, आणि आम्ही भोकरदनला खोली शोधायला निघालो होतो.