गोजरामावशींचं नेट

सरावलीतल्या त्या चाळीत खोल्या आठ आणि इंटरनेटचं कनेक्शन एक. ते सगळीकडे पोचवायचं काम भाग्येशच्या गळ्यात पडलं. तो तारापूरच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा आणि चाळीच्या मते स्क्रू-ड्रायव्हर धरणाऱ्याला सगळंच येतं.

भाग्येशने आधी सोपा मार्ग धरला. पहिल्या खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी एकच माळ, आणि प्रत्येक खोलीत नेट पुढे ढकलणारी, विजेवर चालणारी एक छोटी पेटी. वायर कमी लागली, सगळे खूश. पण दुसऱ्या खोलीतला सुजीत कामावर जाताना मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या पुढच्या सगळ्या खोल्यांचं नेट त्याच्याबरोबर ड्यूटीला जायचं. शेवटच्या खोलीतले शिवाजीभाऊ एकदा ऐन मॅचमध्ये उठले आणि सुजीतच्या कंपनीच्या गेटवर जाऊन किल्ली मागून आले.

मग भाग्येशने शेवटच्या खोलीतून एक वायर परत पहिल्या खोलीत आणली. गोल पुरा झाला की एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने येईल, असा हिशेब. कारखान्यात तशी जोडणी त्याने पाहिली होती. वायर खोचली मात्र, आख्ख्या चाळीचं नेट बसलं. कारखान्यातली यंत्रं तशा जोडणीसाठीच बनवलेली होती. चाळीतल्या स्वस्त पेट्यांना कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. तेच तेच निरोप गोल फिरत राहिले आणि नव्यांना जागाच उरली नाही. हे लक्षात येईपर्यंत भाग्येशचा रविवार गेला.

त्याची बायको दीपा म्हणाली, सगळ्यांच्या वायरी एकाच ठिकाणी का आणत नाही? वायर फार लागेल, असं तो म्हणाला.

"लागू दे," दीपा म्हणाली. "निदान शिवाजीभाऊ तरी कुणाच्या गेटवर जाणार नाहीत."

मधली खोली गोजरामावशींची. मुलाची बदली झाल्यापासून त्या एकट्या, आणि दिवसभर घरात. त्यांच्या कपाटावर पेटी बसली, आठही वायरी तिथे आल्या. आता एकाची वायर तुटली तर नेट त्याच्या एकट्याचंच जाणार होतं. भाग्येशने हे मावशींना कौतुकाने समजावून सांगितलं, आणि तिथेच चूक झाली. पलीकडच्या वैभवीने चाळण परत केली नाही, तेव्हा फक्त वैभवीचं नेट गेलं. चाळण आली, नेट आलं. मग मावशींकडे न बोलावता भाजीच्या वाट्या येऊ लागल्या. शिवाजीभाऊ तर जाता-येता नमस्कार करू लागले.

पुढे मावशी भाचीच्या लग्नाला कोरेगावला गेल्या. जाताना मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं. चाळ ठप्प झाली. शिवाजीभाऊंनी फोन करून किल्ली कुठे ठेवली, असं विचारलं. कमरेला हाय, असं उत्तर आलं.

त्या परतल्यावर पेटी हलवून मीटरशेजारच्या भिंतीवर लावायचं ठरलं. मावशी भांडतील म्हणून भाग्येश तयारीनेच गेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "न्या की." त्याला ते भांडणापेक्षा जड गेलं.

पेटी बाहेर गेली. नेट इतकं सुरळीत चालू लागलं, की कुणाला मधल्या खोलीत डोकवायचं कारणच उरलं नाही. आठवड्याने मावशींनी निरोप धाडला, माझं नेट गेलंय. भाग्येश गेला, तर त्यांच्याच खोलीतली वायर उपसलेली. बाकी चाळीला पत्ताही नव्हता. त्याने ती खोचली. मावशींनी चहा टाकला होताच. लग्नात जेवणाची कशी फजिती झाली ते सांगायला त्यांना तासभर लागला.

दोन दिवसांनी पुन्हा तोच निरोप. या वेळी चहा दोन कपांत आधीच ओतून ठेवला होता. वायर कोण काढतं, हे भाग्येशने विचारलं नाही. घरी येऊन तो दीपाला म्हणाला, पुढच्या वेळी तू जा, आणि घाई करू नकोस.