डावा दिवा

मार्चमध्ये चंद्रशेखरांना स्ट्रोक झाला तेव्हा राहायची सोय असलेलं बसएवढं मोटरहोम ड्राइव्हवेवरच उभं होतं, आणि त्याच्यामागे छोटी गाडी बांधून न्यायची म्हणून आणलेलं वायरिंगचं खोकं गॅरेजमध्ये न उघडता पडलं होतं. सप्टेंबरात नेपरव्हिलचं घर विकलं गेलं. मुलीने, नेत्राने, प्लेनोच्या आपल्या घरातली खालची खोली आईबाबांसाठी रिकामी करून ठेवली. मोटरहोम स्वतः चालवत, मागे गाडी ओढत टेक्सासला जायचं, हे त्यांच्या बायकोने, पद्मिनीने, नक्की कधी ठरवलं ते तिलाही सांगता आलं नसतं. ठरवताना काही वाटलं नव्हतं. गेले सहा महिने कशाचंच काही वाटत नव्हतं. औषधं, थेरपी, इन्शुरन्सचे फोन, कागदांवर सह्या. समोर येईल ते ती करत गेली होती.

"आई, कुणाला तरी बोलावून करून घे ना," नेत्रा फोनवर म्हणाली.

"मेकॅनिकची अपॉइंटमेंट अकरा तारखेची मिळतेय. आम्हाला पाच तारखेला घर सोडायचंय."

"पण तुला जमणारेय का ते वायरिंग?"

"तीस वर्षं लॅबमध्ये बारीक कामंच केली मी," पद्मिनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गाडी जोडायचा लोखंडी दांडा वर्कशॉपने हिवाळ्यातच बसवून दिला होता. राहिले होते फक्त दिवे. मोटरहोमचा ब्रेक लागला, सिग्नल दिला, की मागच्या गाडीचेही दिवे तसेच लागायला हवेत, नाहीतर मागून येणाऱ्याला काही कळायचं नाही. खोक्यात चार रंगांच्या वायरी, दोन बल्ब आणि एक कागद निघाला. पांढरी वायर गाडीच्या पत्र्याला, तपकिरी दोन्ही बाजूंना, पिवळी डाव्या दिव्याला, हिरवी उजव्या.

चंद्रशेखर इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वीज कंपनीत बत्तीस वर्षं काढलेली. हे काम त्यांनी चहा गार व्हायच्या आत उरकलं असतं. आता ते गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसून बघत होते. उजवा हात मांडीवर ठेवला तसा पडलेला. शब्द सगळे गेले होते, उरला होता एकच, 'अगं'. भूक लागली की अगं, बाथरूमला जायचं की अगं, टीव्ही बंद कर म्हणायचं तरी अगं.

रविवारी सकाळपासून पद्मिनी मोटरहोमच्या मागे लावलेल्या गाडीखाली आडवी होऊन वायर ओढत होती, जागोजाग प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधत होती. दुपारपर्यंत गुडघे पार गेले. मग तिने मागची डिकी उघडली, पाय बाहेर सोडून तिच्या काठावर बसली आणि बसल्या जागेवरूनच दोन्ही दिवे खोलले. ड्रिलने भोकं पाडली, बल्ब बसवले. पिवळी डाव्या हाताला, हिरवी उजव्या हाताला.

"अगं," चंद्रशेखर म्हणाले.

"हो, होतच आलंय," ती मान वर न करता म्हणाली.

"अगं!"

"पाच मिनिटं थांबा हो. मग नेते बाथरूमला."

काम झाल्यावर तिने वायरीचं टोक मोटरहोमला जोडलं, मग त्यांना धरून धरून मोटरहोमच्या पायऱ्या चढवल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यातच पंधरा मिनिटं गेली. "मी मागे उभी राहते. सांगेन तो सिग्नल द्या. आधी डावा."

ती गाडीच्या मागे येऊन उभी राहिली. दिवा लुकलुकायला लागला. उजवा.

"डावा म्हटलं मी!"

दिवा बंद झाला, पुन्हा लागला. उजवाच. डाव्याउजव्याचा गोंधळ होईल, असं थेरपिस्टने सांगितलंच होतं.

"अहो, डावा! घड्याळाचा हात!"

पुन्हा उजवा. खिडकीतून आवाज आला, "अगं! अगं!"

"सहा महिने झाले!" पद्मिनी किंचाळली. "एवढं एक साधं काम होत नाही तुमच्याकडून?"

शेजारच्या अंगणात पानं गोळा करणारा माणूस थांबून बघायला लागला. पद्मिनीला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू आला. ती त्यांच्याकडे निघाली, म्हटलं आपणच देऊ सिग्नल. मोटरहोमच्या डाव्या बाजूने जाताना तिचे पाय थबकले. मोटरहोमचा स्वतःचा डावा दिवा नीट लुकलुकत होता. ती मागे गेली. गाडीचा उजवा. पुन्हा पुढे आली. मोटरहोमचा डावा. मग तिने उघड्या डिकीच्या काठाकडे पाहिलं. ती रस्त्याकडे तोंड करून बसली होती. तिचा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू.

ती वर चढली. चंद्रशेखरांचा डावा हात अजून सिग्नलच्या दांडीवर होता. ते समोर बघत होते.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "वायरी मी उलट्या जोडल्या. दुपारी तेच सांगत होतात ना?"

त्यांनी मान हलवली.

"ओरडले ते चुकलं माझं."

खूप वाईट वाटायला हवं होतं, हे तिला समजत होतं. तसं काही आत हललं नाही. फक्त पाठ दुखत होती, आणि एक हिशोब मनात आपोआप सुरू झाला होता, सहा महिन्यांत आणखी किती वेळा आपण त्यांना उगीचच बाथरूमला नेलं असेल. चंद्रशेखरांनी दांडीवरचा हात काढून तिच्या मनगटावर ठेवला. मग दोन बोटं एकमेकांवरून फिरवून दाखवली. अदलाबदल कर.

"कळलं," ती म्हणाली.

या वेळी त्यांना खाली उतरवून खुर्ची तिने डिकीशेजारी आणली. पक्कड दाबायला तिच्या बोटांत जोर उरला नव्हता. तिने वायरी धरल्या, त्यांनी डाव्या हाताने पक्कड दाबली. एक जोड त्यांना पसंत पडेना, तो तिने कापून पुन्हा करून घेतला. तपासताना सीटवर ती बसली आणि ते खुर्चीवरून बघत राहिले. डावा दिल्यावर आरशात त्यांचा हात वर झालेला दिसला. उजव्याला झाला. ब्रेकला झाला.

पाच तारखेला ते निघाले. पद्मिनीने सारा रस्ता उजव्या लेनमधून ताशी पंचावन्न मैलांच्या वेगाने मोटरहोम चालवलं. एक मुक्काम मिझुरीत, एक ओक्लाहोमात. तिसऱ्या संध्याकाळी प्लेनो आलं. नेत्राने बाथरूममध्ये स्टीलचे आधार बसवून घेतले होते, पलंग खिडकीशी लावला होता. ती एकेक वस्तू दाखवत होती. पद्मिनी "छान आहे" म्हणाली, जरा आडवी होते म्हणाली, आणि झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

स्वयंपाकघरात चंद्रशेखर डाव्या हाताने चमच्याने वरणभात खात होते.

"नेत्रा," पद्मिनी दारातूनच म्हणाली, "मला भूक लागलीय गं. काहीतरी तिखट आहे का?"