चौथ्या बगळ्याची सावली

“पहिले हे सांग, ही म्हैस कोणाची?” लेकीच्या लॅपटॉपमध्ये नाक खुपसून टेकचंद कापगतेने विचारले.

“माहीच होय, बाबा. म्या बनवली.”

“अन् ही दोरी?”

“दोरीबी मीच बनवली.”

“अन् चार जनं एका दोरीले बांधून चालते, एक घसरला का चारही बुडते, हे डोकं कोणाचं?”

दामिनीने पडद्यावरची म्हैस उगाच पुढे हाकली. टेकचंदला तेवढे पुरे होते. तो असा माणूस होता की दूधवाला वेळेवर आला तरी आज हा वेळेवर का आला म्हणून दूध दोनदा हुंगायचा. डॉक्टरने गोळी लिहून दिली की पहिल्यांदा डॉक्टरचीच जीभ पाहायचा, असे त्याच्या गावात, सानगडीत सांगतात. सांगणारे थोडे वाढवून सांगत असतील, पण त्या डॉक्टरने पुढे साकोलीला दवाखाना हलवला एवढे मात्र खरे.

दामिनी नागपूरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी घरी आली होती. मागच्या खोलीत बसून तिने एका मैत्रिणीच्या साथीने खेळ तयार केला. नाव ‘म्हैस पार’. चार खेळाडूंनी आपापल्या घरी बसून, पडद्यावर एका दोरीला बांधून घेऊन, पुराच्या नदीतून एक म्हैस पलीकडे न्यायची. म्हैस मध्येच बसायची, दोरी गुंतायची, चौघेही बुडायचे आणि एकमेकांना शिव्या घालत पुन्हा काठावरून निघायचे. गणपतीत खेळ बाजारात आला आणि दिवाळीनंतरची मंडईची जत्रा सरेपर्यंत अडीच लाख लोकांनी घेतला. कोरियातले लोकही सानगडीची म्हैस ओढत होते.

शुक्रवारी खेळाची नवी आवृत्ती निघायची होती. खेळाच्या शेवटी नावांची यादी सरकत जाते. त्यात दामिनीला एक ओळ टाकायची होती. चित्र : टेकचंद कापगते, सानगडी.

“मायं नाव कायले? म्या कधी कॉम्प्युटरले हात लावला?”

“मागची नदी तुमची होय, बाबा. साकोलीच्या नाटकवाल्यांच्या गोदामात तुमचा नदीचा पडदा भेटला. मी फोटो काढला अन् तोच मागं लावला.”

टेकचंदने नदीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “शुक्रवारपर्यंत थांब. चोरीच्या मालावर मी मायं नाव लिहू देत नाही.”

एक्केचाळीस वर्षे त्याने झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवले होते. मांजरपाटाला खळ लावायची, सरसात रंग कालवायचे, शाळेच्या पटांगणात कापड अंथरायचे आणि त्यावर अनवाणी फिरत महाल, जंगल, जेल उभे करायचे. त्याच्या महालाच्या दारातून आत जायला निघालेल्या एका कुत्र्याचे नाक सुजले होते. आणि नदी? नदीचा पडदा सुटला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने धोतर वर खोचले आणि चपला हातात घेतल्या. आता सगळीकडे फ्लेक्स लागतात. टेकचंदचे ब्रश डब्यात उभ्याउभ्या वाळून गेले होते.

चौकशी केल्याशिवाय त्याला जेवण जाणार नव्हते. तो थेट बाजारचौकात विनोदच्या मोबाइलच्या दुकानात गेला.

“विनोद, दोरीवाले खेळ दाखव.”

“कोनता पाहिजे, काका? लय आहे.” विनोदने एकामागून एक काढून दाखवले. एकात चौघे साखळीने बांधून डोंगर चढत होते. दुसऱ्यात चौघे पियानो उचलून जिना चढत होते. तिसऱ्यात बर्फ, चौथ्यात नरक. “एक चालला का शंभर निघते, काका. मांगच्या साली सारे दुकान चालवून राहिले होते. किराण्याचं दुकान, पेट्रोल पंप, सारं. म्हंजे घरी खरं दुकान असून मी मोबाइलमंदी दुकान चालवत होतो.”

“मंग आमच्या पोरीच्या खेळात नवं काय आहे?”

“म्हैस आहे ना!”

घरी येताना टेकचंदची चाल पोलिसासारखी झाली होती. दामिनी अंगणात लाखोरीची भाजी निवडत होती. शेजारी तिची आई बेबीबाई.

“दोरी चोरीची आहे,” तो उभ्याउभ्या म्हणाला. “घसरनं चोरीचं आहे. एकटी म्हैस तुई.”

“हो,” दामिनी म्हणाली. “मी कुठं नाही म्हटलं? तसे खेळ चालून राहिले होते म्हनूनच म्या तसा केला. पहिले मी एक खेळ बनवला होता, बाबा, दोन वर्षाआधी. कोणासारखाच नव्हता. किती लोकांनी घेतला, सांगू? एकोनीस. त्यातले चार आपल्याच घरचे.”

“म्हनून नक्कल करायची?”

“लोकांले सोबत बसून हसाचं आहे. दोरीनं हसू येते. मंग दोरी काहून नाही घ्यायची?”

“उद्या दुसरं काही आलं का पळतीन तुये अडीच लाख.”

“पळतीन,” दामिनी म्हणाली, पण मान वर न करता.

बेबीबाईने देठ सुपात टाकले. “तुमच्या नाटकात काय नवं असे, सांगा बरं? दरसाली तोच भाऊ शहरातून ये, त्याच बहिनीले ओळखत नसे, अन् तीच बहीन त्याच झाडाखाली मरे. तरी मी दरसाली रडली. दोन पदर भिजे माहे. माही चूक झाली का?”

“रडणं येगळं.”

“काहून? आसवं तुमच्या पडद्यावर रंगवले होते का?”

टेकचंदने लगेच नवीन शंका काढली. “पण हे लोक म्हशीवरच काहून थांबले? डोंगरवाला खेळ सोडून हिच्या नदीत कायले आले?”

दामिनी हसली. “तेच त सांगाचं होतं. बगळ्यांसाठी.”

तिने लॅपटॉप आणला. नदीच्या काठावर तीन बगळे उभे होते. खाली पाण्यात सावल्या मात्र चार होत्या. अडीच लाख लोकांतल्या कोणीतरी त्या मोजल्या आणि तेव्हापासून सगळे चौथा बगळा शोधत होते. म्हैस पार नेली की तो येतो, असे एक म्हणे. म्हैस बुडवली तरच येतो, असे दुसरा. एका माणसाने सलग अकरा दिवस म्हैस घेऊन उलट्या दिशेने चालून पाहिले होते. कोणी लिहिले होते, सारे खेळ सारखेच असतात, पण या खेळात काहीतरी लपले आहे.

“काय लपलं आहे, बाबा?”

टेकचंदने सुपातले एक देठ उचलून परत टाकले. लपले होते ते एवढेच. बगळे आधी चारच होते. पडदा सुकला आणि नाटकाचा मास्तर म्हणाला, या कोपऱ्यातून खलनायक येतो, बगळ्याच्या मानेवर त्याचा पाय पडतो, तो बगळा काढ. टेकचंदने बगळ्यावर झुडूप फिरवले आणि सावली पुसायला विसरला. चूक त्याची होती. पण दामिनीला भेटलेला पडदा त्याचा नव्हता. त्याची नदी नाटक कंपनीच्या मालकाने धानाच्या गंजीवर झाकली आणि दोन पावसाळ्यांत ती कुजून गेली होती. दामिनीच्या नदीत कपड्याची नीळ होती. टेकचंदने आयुष्यात कधी नीळ वापरली नाही. नीळ वापरायचा कोंढ्याचा बाबुलाल भुरे.

एका मटक्यातला सरस दोघांनी वापरला, एका ताटात दोघे जेवले. मग बावीस वर्षांपूर्वी बाबुलालने दुसऱ्या कंपनीसाठी टेकचंदची नदी जशीच्या तशी उतरवली, चार सावल्यांसकट. त्या दिवसापासून टेकचंदने त्याचे नाव तोंडात घेतले नव्हते. आणि आता त्याच नकलेखाली आपली लेक आपले नाव लिहायला निघाली होती. गप्प बसले की काम होत होते. कोणाला कळणार होते?

गुरुवारी सकाळी तो दोन गाड्या बदलून कोंढ्याला गेला. भांडायला चाललो आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

बाबुलाल अंगणात अंबाडीची दोरी वळत बसला होता. हात चालत होते, डोळे मात्र कुठेच बघत नव्हते.

“कोन होय?”

“टेकचंद.”

दोरी थांबली. “मी समजलो, मेला गा तू.”

“तुये डोळे गेले, मले कोणी सांगतलं नाही.”

“पडदे बंद झाले, मंग सांगाले कोन येईन? बस. खाट डाव्या बाजूनं ढिली आहे, उजवीकडं बस.”

टेकचंदने दोन्ही बाजू दाबून पाहिल्या आणि मगच बसला. ते ऐकून बाबुलाल हसला. “आताबी तसाच आहे का बे?”

टेकचंदने सगळे सांगितले. म्हैस, दोरी, कोरिया, अकरा दिवस उलटा चाललेला माणूस. बाबुलाल एवढा हसला की त्याला खोकला आला. मग टेकचंदने बावीस वर्षे घोटून ठेवलेले वाक्य काढले. “तू माही नदी चोरली.”

“चोरली. मालक म्हने, सानगडीवाली नदी पाहिजे, नाही त लोक तिकीट काढत नाही. म्या काढली.”

“अन् चार सावल्या काढल्या! तुले मोजता येत नव्हतं?”

“मोजल्या होत्या. दोन खेपा.”

“मंग पुसली काहून नाही एक?”

बाबुलालने दोरीचा पीळ अंगठ्याने चाचपला. “पुसली असती त नदी माही झाली असती.”

अंगणात कोंबडी फिरत होती. टेकचंदने तिच्याकडे पाहिले, छपराकडे पाहिले. बाबुलालला दिसत नव्हते, तरी टेकचंदने तोंड फिरवले. मग तो म्हणाला, “नदी माहीबी नव्हती.”

“मालूम आहे. खताच्या दुकानाचं कॅलेंडर. जानेवारीचं पान. आमच्याबी घरी होतं.”

“तू कधी बोलला नाही!”

“कायले बोलू? त्याच्यात बगळे कुठं होते? हंस होते. तुनं कधी हंस पाह्यले नव्हते, बगळे काढले.” बाबुलालने पुन्हा दोरी वळायला घेतली. “मले बगळेच आवडले.”

संध्याकाळी टेकचंद घरी आला तेव्हा दामिनी यादी उघडून बसली होती. त्याने पाय धुतले नाहीत, पाणी घेतले नाही, तिच्या शेजारी बसला.

“लिही. नदी, बाबुलाल भुरे, कोंढा.”

“हे कोन होय?”

“लिही त खरं. खाली लिही, बगळे, टेकचंद कापगते, सानगडी. मायं नाव खाली. वरते नाही.”

दामिनीने लिहिले.

“अन् तू ते दोरी ज्यायची पाहून घेतली, त्यायचं?”

“ते कोनी एक नाही, बाबा. डोंगरवाल्यांनी दुसऱ्याची पाहिली, त्यायनं आनखी कोणाची. सुरुवात कोनापासून झाली, शोधूनबी भेटत नाही.”

“मंग जेवढे भेटते तेवढे लिही.”

ती एकेक नाव शोधून लिहू लागली. सहा नावे झाली. बेबीबाई दारातून म्हणाली, “आता त जेवा.”

“थांब,” टेकचंद म्हणाला. “दामिनी, बाबुलालच्या वरते एक ओळ सोड.”

“कोनाची?”

“कॅलेंडरवाल्याची. त्याचं नाव मले मालूम नाही. छापनाऱ्याचंच नाव होतं त्याच्यावर.”

“रिकामी ओळ, बाबा? लोकांले वाटन, चूक झाली.”

“वाटू दे.”

तिने ओळ सोडली आणि यादी चालवून दाखवली. नावे खालून वर सरकू लागली. तिचे, मैत्रिणीचे, मग ते सहा. त्यानंतर काळ्या पडद्यावर बोटभर जागा मोकळी वर चढली. टेकचंदने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि ती वरच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर बोट तिच्याबरोबर नेले.