माणूसवेल्हाळ

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत भांडणं होतात ती शब्दांवरून, आणि बहुतेक मीच करते. त्या आठवड्यात भांडण होतं ‘माणूसवेल्हाळ’वरून. मुख्य संपादकांनी अर्थ लिहिला होता : बोलका, गप्पिष्ट.

“चूक आहे हे, सर,” मी म्हणाले. “यात बोलणं कुठून आलं? जुन्या काव्यात वेल्हाळ म्हणजे सुंदर, विलासी, आपल्या खुशीत रमणारं. त्याला माणूस जोडला की झाला माणसांत खुलणारा. ‘बहिर्मुख’चं नशीब बघा. अध्यात्माच्या ग्रंथांत तो आत बघायचं सोडून बाहेर धावणारा, म्हणजे जवळजवळ शिवीच. मानसशास्त्रवाल्यांनी त्याला न्हाऊमाखू घालून सभ्य केला. आपल्या शब्दाला तशी आंघोळ घालायची वेळच आली नाही. लाडाचा शब्द आहे तो.”

“न बोलणारा माणूसवेल्हाळ दाखवा,” सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. पाठीमागे आम्ही त्यांना मौनीबाबा म्हणतो. एवढं एक वाक्य म्हणजे त्यांचा दिवसभराचा कोटा.

दाखवा म्हणे! दाखवायला माझ्या घरात होता, पण तोच दार लावून बसला होता.

माझा थोरला भाऊ न्हावी. केस कापता कापता त्याने कितीजणांची लग्नं जुळवली आणि किती भावाभावांची भांडणं मिटवली, त्याला हिशेब नाही. तो गिऱ्हाइकाच्या डोक्याशी कधी बोलायचा नाही, आरशातल्या चेहऱ्याशी बोलायचा. मी तशी घुमी. शब्दांचा वाद सोडला तर चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. आम्ही एका आईची लेकरं, यावर कुणाचा विश्वास बसत नसे.

गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरने दादाचा आवाज नेला. ऑपरेशनने जीव वाचला, पण आता साधी कुजबुजही उमटत नाही. दुकान तेव्हापासून बंद. बोलायचं ते दादा पाटीवर लिहायचा, “मुक्या न्हाव्याकडे कोण येणार? विकून टाकू.” मी हट्टाला पेटले. शेवटी त्याने लिहिलं, “एक रविवार उघडतो, तुझ्या समाधानासाठी. मग विकायचं.”

त्या रविवारी मी सरांनाही बोलावलं. त्यांचे केस वाढलेच होते.

गर्दी झाली. वाणी आला, औषधवाला आला, रिटायर झालेला बसड्रायव्हर आला. पण त्यांच्या प्रेमानेच घात केला. दादाला आवाज नाही म्हणून सगळेच कुजबुजायला लागले! बाकावरची माणसं एकमेकांच्या कानाला लागत होती, पेपरची पानं जपून उलटत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या एक बाई दारात थबकल्या आणि त्यांनी मला हळूच विचारलं, “कधी गेले?”

मी आरशात दादाचा चेहरा पाहिला. पार उतरला होता. हात चालत होते, कात्री वाजत होती, पण मनातल्या मनात तो दुकानाला कुलूप घालत होता. मला रडू यायला लागलं.

मग सर खुर्चीत बसले. दादाने त्यांना फडकं बांधलं आणि आरशात बघून भुवया उडवल्या. म्हणजे, काय म्हणता? सर काहीतरी पुटपुटले.

दादाने कंगवा असा आपटला की पावडरचा डबा उलटला. त्याने स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं : आवाज माझा गेलाय. मग तेच बोट सगळ्या दुकानावरून फिरवलं : तुमचा नाही! आणि कानामागे हात धरून तो सरांसमोर वाकला.

सर गडबडले आणि चक्क ओरडले, “मुलगा बोलत नाही माझ्याशी!”

दादाने शांतपणे कात्री उचलली आणि आरशात मान हलवली : पुढे? आणि मौनीबाबा बोलायला लागले. मुलाने चांगली नोकरी सोडून बेकरी टाकली, आपण नको ते बोललो, आता तो फोन उचलत नाही, नातीचा आवाजसुद्धा कानावर पडत नाही.

“मग जा की त्याच्या बेकरीत,” वाणी खणखणीत आवाजात म्हणाला. “पाव विकत घ्या. गिऱ्हाइकाला कोण हाकलतं?”

“आणि शिळा निघाला तरी तोंड उघडू नका!” ड्रायव्हर म्हणाला.

हशा पिकला आणि ज्याला त्याला कंठ फुटला. औषधवाल्याने जावयाची गाऱ्हाणी सुरू केली, ड्रायव्हरने गुडघ्याची. दादाची भुवई उडाली की समोरच्याच्या पोटातलं ओठावर येत होतं. सरांचे केस कापून झाले तरी ते उठेनात.

“उठा साहेब, दुःखं आम्हालाही आहेत!” ड्रायव्हर ओरडला.

सर उठून माझ्याकडे आले. “‘बोलका’ काढा. ‘गप्पिष्ट’ही काढा.”

“मग काय लिहू?”

त्यांनी दादाकडे पाहिलं. “तुम्हीच ठरवा. तुमच्या घरचा शब्द आहे तो.”

अभिमानाने माझा ऊर भरून आला. कोशात माझं नाव छापून आलं तेव्हाही असं झालं नव्हतं.

तेवढ्यात दादाने मला खूण केली. ब्लेडच्या रिकाम्या पाकिटाकडे बोट दाखवून त्याने दोन्ही हातांची बोटं पसरली. दहा! अरे, एका रविवारच्या दुकानाला दहा पाकिटं कशाला लागतात? मी पिशवी उचलली आणि निघाले, आणि वाटेत भेटेल त्याला, ओळखीचा असो नसो, मोठ्याने सांगत सुटले : माझ्या दादाचं दुकान उद्या सोमवारीही उघडं आहे!