आडव्या टाकीतली उभी पट्टी

मित्रांनो, डिझेलचा वास सहन होत नसेल तर जरा लांब बसा. माझ्या अंगाला तो कायमचा चिकटला आहे. मी एक जुनी पितळी मोजपट्टी आहे. उंची मीटरभर, वर धरायला एक कडी. खराडीतल्या एका मोठ्या सोसायटीत जनरेटरच्या खोलीमागे डिझेलची टाकी आहे. वीज गेली की त्या डिझेलवर लिफ्ट आणि पाण्याचे पंप चालतात. मला टाकीत उभी सोडायची, वर काढायची आणि मी कुठपर्यंत ओली झाले ते पाहायचं. त्यावरून डिझेल किती उरलं ते कळतं, असं सगळे मानत होते.

माझा जन्म शनिवार पेठेतला. तिथे मैनुद्दीनचाचांचं पाट्या कोरण्याचं दुकान आहे. सोसायटीकडून त्यांना निरोप आला होता, "टाकी नऊशे नव्वद लिटरची. उंची शंभर सेंटिमीटर. दर दहा लिटरला एक खूण करा, सगळे भाग सारखे." चाचांनी व्हर्नियर हे बारीक मोजमापाचं साधन लावून माझे नव्व्याण्णव सारखे भाग केले. एकेक रेघ कोरताना ते श्वास रोखून धरायचे. मी तयार झाले तेव्हा त्यांनी मला उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाले, "हिच्यात केसभर फरक निघाला तर दुकान बंद करीन."

माझा कारभार पोपटरावांकडे आला. ते मूळचे खराडी गावातले. जनरेटर चालवणं, टाकीवर लक्ष ठेवणं आणि रोज माझ्यावरचा आकडा सांगणं ही त्यांची नोकरी. मला सुती फडक्यानं पुसत ते म्हणायचे, "चल बाई, सांग." मला फार बरं वाटायचं.

त्या काळी टाकी पूर्ण भरत नसत. डिझेल साठ सेंटिमीटरपर्यंत भरायचं, चाळीसवर आलं की पुन्हा मागवायचं. जनरेटरला तासाला दहा लिटर लागतं. पंचवीस तास चालला तर अडीचशे लिटर जायला हवं, पण माझ्यावर दोनशेसुद्धा गेलेलं दिसायचं नाही. डिझेलची बिलं एका टेबलावर जायची, माझे आकडे दुसऱ्या टेबलावर. दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांना वाटलं, पोपटराव डिझेल वाचवतात! सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या अध्यक्ष विजयमालाताईंनी त्यांना शाल आणि नारळ दिला. "शिका जरा यांच्याकडून," त्या बाकीच्या कर्मचाऱ्यांना म्हणाल्या. त्या दिवशी पोपटरावांनी मला दोनदा पुसलं.

मग एका उन्हाळ्यात वीज वारंवार जाऊ लागली. ताईंनी नियम बदलला. टाकी आता सतत काठोकाठ ठेवायची, जरा उतरली की भरून घ्यायची. आणि माझे आकडे फिरले. जनरेटर पाच तास चालला की पन्नास लिटर जायला हवं. मी जवळजवळ शंभर गेलेलं दाखवू लागले. एकदा नाही, दर वेळी.

विजयमालाताई बँकेतून निवृत्त झालेल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्याची त्यांना गरजही नव्हती.

"पोपटराव, डिझेल जनरेटर पितो की तुम्ही?"

"अवो ताई, मी च्या बी बिनसाखरंचा पितो."

"मग अंगाला लावत असाल. निम्मं डिझेल जातं कुठे?"

"मला ठावं न्हाई. पन चोरी मी केलेली न्हाई."

"आकडे तसं म्हणत नाहीत. रविवारच्या सभेत विषय ठेवला आहे. सभेनं ठरवलं तर नोकरी जाईल आणि पोलिसांत तक्रारही होईल. आपण आपलं म्हणणं तयार ठेवा."

मला त्या दिवशी कुणी पुसलं नाही. पाइपाच्या तुकड्यांमध्ये मी तशीच तेलकट पडून राहिले. मित्रांनो, बोलता येत असतं तर मी तेव्हाच बोलले असते. मला माहीत होती ती उंची. लोक मला विचारत होते लिटर.

दुसऱ्या दिवशी पोपटरावांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बसनं शनिवार पेठ गाठली.

"चाचा, खुना तुम्हीच केल्या व्हत्या. कुटं चुकलं आसंल तर सांगा. मी तुमाला बोल लावनार न्हाई. पन माझी नोकरी निगाली हाय."

चाचांनी चष्मा चढवला, व्हर्नियर काढला आणि वरपासून खालपर्यंत मला तपासलं. "पोपटराव, एकही रेघ हललेली नाही. बघा, सगळे भाग सारखे." ते अभिमानानं बोलून गेले आणि मग त्यांना पोपटरावांचा चेहरा दिसला. माझ्या रेघा बरोबर म्हणजे पोपटराव चोर.

दुकानाच्या आतल्या टेबलावर चाचांची मुलगी सबा लॅपटॉपवर कुणाच्या तरी पाटीची अक्षरं जुळवत होती. ती विद्यापीठात गणित शिकत होती. तिनं मान वर केली.

"काका, टाकी उभी आहे की आडवी?"

"आडवी हाय. निजलेल्या पिंपावानी."

सबानं डब्याचं गोल झाकण उचललं आणि उभं धरलं. "ही टाकीची बाजू. तळाशी बघा, किती अरुंद आहे. मध्ये रुंद, वर पुन्हा अरुंद. मग तळातल्या एका सेंटिमीटरमध्ये आणि मधल्या एका सेंटिमीटरमध्ये सारखंच डिझेल कसं मावेल?"



"टाकी आडवी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं," चाचा म्हणाले.

"तुम्ही विचारलंही नव्हतं, अब्बा."

पोपटराव पुढं सरकले. "मंग आता कॉम्पुटरला इचारायचं का? त्याला कळंल?"

"त्याला काही कळत नाही, काका. आपण सांगू तेच करतो. पण हजार वेळा करायला लावलं तरी कंटाळत नाही. म्हणून सांगताना आपण चुकायचं नाही. मला टाकीची लांबी हवी."

"आसंल की चार-सव्वाचार फूट."

"असेल नको. मोजून सांगा. आतली लांबी, पत्र्याची जाडी वजा करून."

पोपटरावांनी सोसायटीत जाऊन टाकी मोजली आणि फोन केला, "एकशे सव्वीस सेंटिमीटर. तीनदा मोजली. आतून मीटरभर रुंद." मी मात्र दुकानातच राहिले, सबाच्या लॅपटॉपला टेकून. म्हणून पुढचं सगळं मला पाहता आलं.

सबानं प्रोग्राम लिहायला घेतला. तिनं टाकीचे मनातल्या मनात आडवे थर पाडले. चपात्यांची चळत असते ना, तसे. प्रत्येक थराची रुंदी तुमच्या शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयानं निघते. रुंदी, लांबी आणि जाडी यांचा गुणाकार केला की एका थरातलं डिझेल कळतं. मग सगळ्या थरांची बेरीज. आधी तिनं दहाच थर घेतले आणि अर्ध्या उंचीला किती भरतं ते विचारलं. पूर्ण टाकीच्या निम्मं यायला हवं होतं. आलं बरंच कमी.

"काय झालं? चुकलं का?" चाचांनी विचारलं.

"हो. बरं झालं. अर्ध्याचं उत्तर मला आधीच माहीत होतं, म्हणून चूक सापडली."

चूक अशी होती की ती प्रत्येक थराची रुंदी त्याच्या तळाशी मोजत होती. खालच्या अर्ध्या भागात टाकी वर रुंदावत जाते, त्यामुळे तिथला प्रत्येक थर कमी भरत होता. तिनं रुंदी थराच्या मधोमध घेतली. आता निम्मं बरोबर निम्मं आलं. पूर्ण टाकी मात्र नऊशे नव्व्याण्णव लिटरची निघाली. दहा थर फार जाड होते. तिनं शंभर केले, उत्तर नऊशे नव्वदला येऊन टेकलं. हजार केले तरी ते तिथून हललं नाही. तेव्हा कुठे सबा खुर्चीला टेकून बसली.

मग उलटा प्रश्न. पन्नास लिटर डिझेल किती उंचीला येतं? याला सरळ सूत्र मिळेना. तिनं प्रोग्रामला शोधायला शिकवलं. टाकीच्या मधोमध बघ. तिथे पन्नासपेक्षा जास्त भरतं? मग वरचा भाग सोड. उरलेल्याच्या मधोमध बघ. कमी भरतं? मग खालचा सोड. असं अर्धं-अर्धं सोडत जा. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं. जवळजवळ दहा सेंटिमीटर. माझ्यावर पन्नास लिटरची खूण पाच सेंटिमीटरवर होती. टाकीचं वरचं टोकही तळाइतकंच अरुंद, म्हणून काठोकाठ टाकीतून पन्नास लिटर गेलं की पातळी दहा सेंटिमीटर उतरायची आणि मी शंभर म्हणायचे.

रविवारी सभा जनरेटरच्या खोलीसमोर भरली. सबानं तसा आग्रहच धरला होता. चाचाही आले होते.

विजयमालाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाळ, कॉम्प्युटर आपण सांगू तेच म्हणतो."

"बरोबर आहे, ताई. म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवूच नका. मी आधी सांगते, मग तुम्ही मोजा." तिनं भिंतीवर खडूनं मोठ्ठं लिहिलं, साडेआठ सेंटिमीटर. "टाकी आत्ता काठोकाठ आहे. वीस-वीस लिटरचे दोन कॅन काढू. पातळी साडेआठ सेंटिमीटर उतरेल."

"आणि नाही उतरली तर?"

"तर पोपटकाकांबरोबर माझंही नाव तक्रारीत घाला."

पोपटराव नळाला हात लावणार, इतक्यात ताई म्हणाल्या, "तुम्ही नको." वॉचमननं कॅन भरले आणि सगळ्यांसमोर मांडले. मला टाकीत सोडलं, वर काढलं. ताईंनी स्वतः टेप धरला. एकदा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"साडेआठला एक रेघ कमी," त्या म्हणाल्या.

"आता पट्टीवरच्या खुणा वाचा, ताई."

"ऐंशीहून जास्त गेलंय."

"कॅनमध्ये चाळीस आहे. पोपटकाका सगळ्यांच्या समोर उभे आहेत. मग उरलेलं चाळीस कुणी प्यायलं?"

कुणीतरी हसलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या कागदावरचा पहिला विषय खोडला आणि पोपटरावांकडे वळल्या. "माझं चुकलं. आरोप सर्वांच्या सभेत ठेवला होता, म्हणून सर्वांसमोर सांगते."

 पोपटरावांनी खिशातलं फडकं काढलं आणि ते मला पुसत राहिले. मी कधीच कोरडी झाले होते.

थोड्या वेळानं ताईंना आठवलं. "मग ती मागची बचत?"

सबा जरा घुटमळली. "ती पण नव्हती, ताई. मधला भाग रुंद असतो. तिथे डिझेल जास्त जातं आणि पट्टीवर कमी दिसतं."

"म्हंजी ती शाल बी परत द्यायची का?" पोपटरावांनी विचारलं.

"शाल ठेवा," ताई म्हणाल्या. "बचत खोटी असली तरी थंडी खरी असते."

त्याच आठवड्यात मैनुद्दीनचाचांनी माझ्या कोऱ्या पाठीवर सबानं काढलेल्या उंचींच्या नव्या खुणा कोरल्या. खाली लांब लांब, मध्ये दाट, वर पुन्हा लांब. इतक्या वेड्यावाकड्या अंतराच्या रेघा त्यांनी जन्मात कोरल्या नव्हत्या. तरी प्रत्येक रेघेला श्वास रोखलाच. जुन्या खुणा त्यांनी मुद्दाम ठेवल्या. माझ्या एका अंगावर सारखेपणा आहे, दुसऱ्यावर खरेपणा.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी पट्टी तुमच्या हाती आली तर वापरून झाल्यावर ती पुसून कडीला टांगा. वाकलेली पट्टी कुणाच्याच कामाची नसते. प्रोग्राम लिहाल तेव्हा ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे असा एक तरी प्रश्न त्याला आधी विचारा. आणि आकड्याच्या जोरावर कुणाकडे बोट दाखवण्याआधी विचारा, टाकी उभी आहे की आडवी?

बाहेर वीज गेली आहे. पोपटराव फडकं घेऊन येत आहेत. "चल बाई, सांग," असं ते आताही म्हणतील. आता मला लिटर सांगता येतात.