सुस्त म्हणजे काय

मित्रांनो, माझं वय फार नाही, अवघी नऊ वर्षं. पण नऊ वर्षं कापडी पिशवीत वजनकाट्याला खेटून काढा, म्हणजे मी इतकी जुनी का दिसते ते कळेल. माझे कोपरे दुमडलेत, मुखपृष्ठावरच्या हसऱ्या आईचा अर्धा चेहरा घामाने पुसला गेलाय आणि पाठीवर बाळाच्या मालिशच्या तेलाचा डाग आहे. मी एक शब्दांची पुस्तिका आहे. नव्या बाळंतिणीच्या घरी भेट द्यायला जाणाऱ्या आशाताईंसाठी मला छापलं होतं. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ आणि कडेला थोडी कोरी जागा, असा माझा थाट.

छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला केवढा तोरा होता! प्रसूतिपश्चात माता, संदर्भसेवा, जोखमीचे बाळ, असे भारदस्त शब्द माझ्या पोटात होते. ते कुणाच्या घरात कुणी बोलतं का, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

समुद्रपूरला प्रशिक्षण झालं आणि तिथे मी सुलोचना ताकसांडे हिच्या हातात पडले. सुलोचना तालुक्यातल्याच एका गावची आशाताई. बारावीपर्यंत शिकलेली, बोलायला मोकळी आणि चालायला भलतीच चपळ. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, मग दर आठवड्याला, अशी बेचाळीस दिवस ती त्या घरी जायची. काट्याला झोळी अडकवून बाळाचं वजन करायची, अंग गरम की गार ते बघायची, आईला दूध पाजायला लावून स्वतः समोर बसायची. मी पिशवीत असायचेच.

माझा तोरा पहिल्याच महिन्यात उतरला. सुलोचनाने एका घरी सांगितलं की बाळ लहान आहे, त्याला कांगारू पद्धतीने ठेवा. घरातली म्हातारी घाबरून म्हणाली, "बाई, कांगारू कुठून आनाव आता?" दुसऱ्या घरी ती म्हणाली, हे जोखमीचं बाळ आहे. आजोबा मोतीलाल खूश झाले. त्यांच्या लेखी जोखीम म्हणजे सोनंनाणं. "हो ना वो बाई, जोखमीचंच हाये! पाच वर्सानं झालं आमच्या घरी." सुलोचना घरी येऊन एकटीच हसत सुटली. मग तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या कोऱ्या कडेला लिहायला बसली. कांगारू पद्धतीपुढे लिहिलं, 'लेकरू उघडं करून मायच्या छातीले लावून ठेवनं.' जोखमीच्या बाळापुढे, 'जास्त ध्यान द्यायचं लेकरू.' संदर्भसेवेपुढे, 'दवाखान्यात नेनं, आपन सोबत जानं.' मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मी पुस्तिका झाले. तोवर नुसते कागद होते.

एका पानावर 'सुस्त' हा शब्द होता. समोर छापलं होतं, 'ज्या अर्भकाचा प्रतिसाद मंदावला आहे असे.' सुलोचनाची पेन्सिल तिथे थांबली. "हे तं साऱ्याइलेच समजते," असं पुटपुटून तिने पान उलटलं. ती कडेची जागा कोरी राहिली.

सुलोचनाचं नाव झालं. बैठकीत तिला उभं करून टाळ्या वाजल्या. बाकीच्या आशाताया मला मागून न्यायच्या आणि तिची पेन्सिल उतरवून घ्यायच्या. बायाबापड्या म्हणायच्या, "सुलोचनाचं बोलनं समजते." मी आत फुगून बसायचे.

गेल्या वर्षी हेमराजच्या घरी मुलगा झाला. हेमराजची बायको गुंजन, पहिलटकरीण, वीस-एकवीस वर्षांची. घरात कर्ती बाई म्हणजे हेमराजची आई, यशोदाबाई. वजन दोन किलो शंभर ग्रॅम, म्हणजे बाळ जास्त ध्यान द्यायचं. तिसऱ्या दिवशी सुलोचना गेली तेव्हा ते ओठ घट्ट लावून दूध ओढत होतं. झोळीत ठेवताच त्याने असा टाहो फोडला की यशोदाबाई काट्याला शिव्या देऊ लागल्या. सुलोचना हसत हसत बाहेर पडली.

सातव्या दिवशी तिला जायचंच होतं. पण आदल्या संध्याकाळी निरोप आला, तालुक्याला बैठक आहे, सगळ्यांनी हजर राहायचं, सबब चालणार नाही. ती सकाळच्या एसटीने गेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात उभी राहून तिने हेमराजच्या घरी फोन लावला. फोन यशोदाबाईंनी घेतला. सरकारने दिलेल्या नव्या मोबाइलमध्ये प्रश्नांची यादी होती, तीच सुलोचना वाचत गेली.

"मावशी, लेकराले ताप नाई ना?"

"नाई वो."

"सुस्त तं नाई ना?"

यशोदाबाईंना ते लागलं. आमच्याकडे सुस्त म्हणजे आळशी, कामचुकार. सात दिवसांच्या नातवाला कुणी आळशी म्हणावं?

"सुस्त काऊन राहीन वो? आमच्या घरी कोनीच सुस्त नाई. लय गुणाचं लेकरू हाये. मायले बिलकुल तरास देत नाई."

पुढचा प्रश्न दुधाचा होता. तेवढ्यात आतून गावांची नावं पुकारू लागले. "उद्या येतो मावशी," म्हणून सुलोचनाने फोन ठेवला आणि सुस्तच्या चौकटीत 'नाही' भरलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती पोचली. बाळ दुपट्यात गुंडाळून ठेवलं होतं. यशोदाबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाह्य, झोपूनच राह्यलं." सुलोचनाने दुपट्यात हात घातला. पाय गार. पोटही गार. तळव्यावर टिचक्या मारल्या तर बाळाने डोळे उघडले नाहीत, नुसता चेहरा आक्रसला. गुंजनने जवळ घेतलं तर ते ओठच हलवेना. सुलोचनाने बाळ गुंजनच्या उघड्या छातीशी लावलं, वरून गुंजनचंच पातळ गुंडाळलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती यायला पाऊण तास लागला. सबंध वाटभर सुलोचना बाळाचा श्वास मोजत होती, मला तिच्या ओठांवरचे आकडे ऐकू येत होते.

बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. दवाखान्यातल्या डॉ. माधवींनी सांगितलं, जंतू रक्तात पसरले होते. एक दिवस आधी आणलं असतं तर वाचलं असतं का, असं हेमराजने विचारलं. त्या म्हणाल्या, "संधी होती." खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

मग चौकशीची बैठक झाली. तालुक्याच्या साहेबांनी सातव्या दिवसाची नोंद वाचली आणि कागदावर लिहायला सांगितलं, 'कुटुंबाने लक्षण नाकारले.' सुलोचना उभी राहिली.

"सर, त्याइनं नाकारलं नाई. त्याइले माझा शब्द समजला नाई. अन् मी घरी गेली नाई."

"त्याला इथे रकाना नाही, ताई," साहेब म्हणाले. त्यांचा स्वर काही वाईट नव्हता. पण लिहायचं ते लिहिलं गेलंच.

तेरवीनंतर... नाही, त्या घरी तेरवी नसते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यातली माणसं उठून गेली आणि सुलोचना यशोदाबाईंसमोर जाऊन बसली. म्हातारी म्हणाली,

"तू मले सुस्त इचारलं. दूध वढते का म्हनून काऊन नाई इचारलं? मी सांगतलं असतं ना, कालपासून वढत नाई म्हनून."

सुलोचना रडली. गुंजन आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही. यशोदाबाई मात्र अजून रडलेल्या नाहीत. गल्लीत कुणाचं तान्हं शांत पडलेलं दिसलं की त्या थांबतात आणि त्याच्या आईला विचारतात, शेवटचं दूध कधी घेतलं. काही बाया चिडतात.

आता मला कुणी मागत नाही. सगळं मोबाइलमध्ये आलंय. तिथे अजूनही तोच प्रश्न आहे, सुस्त, होय किंवा नाही. सुलोचना तो वाचत नाही. घरात शिरली की आधी दुपट्यात हात घालते आणि आईला म्हणते, "पाजून दाखव." मला तिने ट्रंकेत ठेवलंय, वर तिच्या लेकीची जुनी वह्या-पुस्तकं आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल आणि ते दूध मागेनासं झालं, तर गुणाचं म्हणून त्याचं कौतुक करत बसू नका. मोठ्या माणसाला हाक मारा, दवाखान्यात न्यायला सांगा. कुणी तुम्हाला कठीण शब्दात काही विचारलं, तर होय-नाही म्हणण्याआधी त्याचा अर्थ विचारा. यशोदाबाईंना तेही जमलं नसतं, कारण आपल्याला समजलं नाही हेच त्यांना समजलं नव्हतं. सुलोचनालाही नव्हतं. पण मला माझ्यापुरतं तरी सुटता येत नाही. अर्थ सांगण्यासाठीच मला छापलं होतं, आणि त्या दुपारी व्हरांड्यात मी सुलोचनाच्या खांद्यावरच्या पिशवीत मिटलेली होते.