आधी उलटं जाणारं शेपूट

मी एक जुनं सुकाणू आहे, मित्रांनो. ओकचं अंग, गंजक्या पट्ट्या. दूर उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांच्या किनाऱ्यावर होडीघराच्या भिंतीला टेकलेलं.

माझं आयुष्य गेलं काळ्या पाण्यात, मासेमारी होडीला ढकलणाऱ्या पंख्यामागे. वर चाक फिरलं, की साखळी ओढली जायची आणि खाली मी वळायचं. पण माझी एक रीत होती. उजवीकडे वळायचं म्हटलं, की होडीचं शेपूट आधी डावीकडे सरकायचं; मग कुठे नाक उजवीकडे यायचं.

होडीचा म्होरक्या ऑड्वार तांडेल, त्याची लेक हाल्डिस पहिल्यांदा चाकाशी आली, तेव्हा तिने धक्क्यापासून लांब जायला चाक फिरवलं. शेपूट धाडकन धक्क्यावर!

"वा! जाता जाता धक्क्याचा मुका घेतलास!" होडीवरचे जुने खलाशी पेडर काका हसले.

"शेपटाला विसरू नकोस, पोरी," ऑड्वार म्हणाला. "बाजूला माणूस पडला, तर चाक त्याच्याकडेच फिरवायचं. शेपूट लांब जातं, तो पंख्यातून वाचतो."

"त्याच्या अंगावर वळायचं?" हाल्डिस शहारली.

डिसेंबरअखेर इथे सूर्य उगवत नाही. भर दुपारी निळसर अंधार, त्यात धुकं. जाळं ओढता ओढता ऑड्वार उजव्या अंगाने पाण्यात कधी गेला, कुणाला कळलंच नाही. चाकाशी हाल्डिस होती. होडीच्या नाकाजवळ, उजवीकडे पाण्यावर एक डोकं दिसलं. आणि हाक आली, "हाल्डिस, माझ्याकडे वळव!"

"बघू नकोस!" पेडर काका किंचाळले. "ड्राउग आहे तो!" ड्राउग म्हणजे बुडून मेलेल्या खलाशाचं भूत. "लांब वळव, पोरी, लांब!"

"अहो काका, बाबांचा आवाज आहे!"

"तो आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतो!"

चाकाची थरथर साखळीतून माझ्यापर्यंत आली. होडी लांब वळली, तर पंखा त्या डोक्यावर जाणार. बाप असला तर?

चाक उजवीकडे फिरलं. त्याच्याकडे. मी पाण्याला गाल दिला. शेपूट हळूच डावीकडे सरकलं, आणि एक लोकरी हातमोजा मला चाटून गेला.

दोघांनी ऑड्वारला वर ओढलं, घोंगडीत गुंडाळलं.

"बाबा, बरं झालं हाक मारलीस."

त्याचे दात वाजत होते. "हाक? तोंडात पाणी भरलं होतं गं. मी कसली हाक मारतोय!"

पेडर काकांच्या हातातली कॉफी तशीच निवली.

आता होडी नाही, ऑड्वारही नाही. हाल्डिस दर शरदात मला जवसाचं तेल चोळते. मित्रांनो, तुम्हीही जुन्या अवजारांना असंच जपा. आणि कधी चाक हाती आलंच, तर घाबरून लांब पळण्याआधी आपलं शेपूट कुणावर जातंय, तेवढं बघा.

धुकं उतरलं की ती हाक, कुणाची कोण जाणे, अजून येते. मला आता चाक नाही, साखळी नाही. तरी धुकं विरल्यावर हाल्डिस येते, तेव्हा मी पाण्याकडे वळलेलं असतं.